टाकळमाळच्या तलावाचे नऊ दिवस

नव्या जिल्ह्याची मागणी करणाऱ्या समितीचे सचिव दिनकरराव यांनी मला फसवलं, आणि माझ्या हातून टाकळमाळ या गावाला फसवलं. मी नऊ दिवस खपून त्या गावचा तलाव आटताना टिपला. त्यांनी माझी फिल्म शेवटाकडून सुरुवातीकडे चालवली आणि भरल्या सभागृहात तोच तलाव भरताना दाखवला. टाकळमाळनं मागितलेला दुसरा टँकर त्यामुळे मिळाला नाही, आणि रोज येणारा पहिला दिवसाआड झाला.

हे आधीच लिहून टाकलं, कारण पुढचं बरंचसं सुखाचं आहे. त्या भटकंतीत मी जितका रमलो तितका गेल्या दहा वर्षांत कुठं रमलो नव्हतो. पण सुखाचं वाचता वाचता मूळ गोष्ट वाचणाऱ्याच्या मनातून निसटू नये.

मी लातूरचा. बसस्थानकाशेजारच्या एका पत्र्याच्या खोक्यात पासपोर्ट फोटो काढायला लागलो, तेव्हा पडदा म्हणून बहिणीची पांढरी ओढणी लावायचो. आज दुमजली स्टुडिओ आहे. लग्नं मला जेवू घालतात, पण जीव रमतो तो माळ, आभाळ आणि पाणी टिपण्यात. लग्नातल्या माणसाला हनुवटी वर करा म्हणता येतं. डोंगराला काही सांगता येत नाही, त्याच्या वेळेला आपणच हजर राहावं लागतं.

त्यातही मला नाद लागला तो टाइमलॅप्सचा. कॅमेरा एका जागी रोवायचा, ठरावीक अंतरानं फोटो घेत राहायचं, आणि मग ते फोटो भराभर एकामागून एक दाखवायचे. डोळ्याला कळत नाही इतकं सावकाश जे चालतं, ते त्यात चालताना दिसतं. सावली सरकते, ढग उकळतात, कळी उघडते.

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. जो तो भेगाळलेल्या जमिनीचे फोटो काढत होता. मला पाणी नसलेली जमीन नको होती. पाणी जातं कसं, ते बघायचं होतं.

तेवढ्यात दिनकरराव स्टुडिओत आले. नव्या जिल्ह्याची आणि मुख्यालयाची पाहणी करायला सरकारी मंडळी येणार होती, त्यांच्यापुढं दाखवायला फिल्म हवी होती. त्यांचं म्हणणं असं, की जिल्ह्याचं ठिकाण लांब असल्यानं टँकरचा कागद फिरायलाच आठवडा जातो, तोवर तलाव आटतो. हे डोळ्यांना दिसलं तर वेगळा जिल्हा का हवा ते कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. मला ते पटलं. मी अटी घातल्या. पहिल्या पडद्यावर माझं एकट्याचं नाव, ते शेवटच्या रांगेतल्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं मोठं, आणि मूळ फोटो माझ्याकडेच. त्यांनी सगळ्याला मान डोलावली. मी घासाघीस करणारा माणूस आहे. समोरचा इतक्या लवकर हो म्हणाला की सावध व्हायचं, हे मला ठाऊक होतं. तरी मी खूश झालो. टाकळमाळजवळच्या ज्या गावाला मुख्यालय मिळावं अशी समितीची इच्छा आहे, त्याचं नाव मी लिहीत नाही. गावाची त्यात काही चूक नाही.

पहिला दिवस: लातूर ते टाकळमाळ

मोटारसायकलवर मागं दोन तिपाया, पोटाशी कॅमेऱ्यांची पिशवी आणि दोन्ही बाजूंना पाण्याचे दोन कॅन, असा निघालो. पूर्वी कुणाकडे जाताना पेढे न्यायचो. त्या वर्षी लातूरकर पाणी न्यायचे. रिकाम्या हातानं गेलात तर यजमान काही बोलायचा नाही, पण तुम्ही तांब्याकडे बघितलंत की त्याचा जीव वरखाली व्हायचा.

शिरूर अनंतपाळला चहा घेतला आणि तिथून आडवाटेनं टाकळमाळला पोचलो. गाव उंचवट्यावर, खाली पश्चिमेला तलाव, तलावापलीकडे बोडका डोंगर. सूर्य त्या डोंगरामागं मावळतो. तलावात पाणी होतं, पण गुडघ्याला लागेल न लागेल एवढंच. तळ ताटासारखा सपाट. बोटभर पाणी उतरलं की काठ दहा-वीस पावलं मागं जाणार, हे मी बघताक्षणी ओळखलं. असा तलाव टाइमलॅप्सवाल्याला जन्मात एखादाच मिळतो.

कॅमेऱ्याला उंच जागा हवी होती. सगळ्यांत चांगलं माळवद गायकवाड पोस्टमास्तरांचं. माळवद म्हणजे मातीचं सपाट धाबं, आमच्या मराठवाड्यातल्या जुन्या घरांचं. पोस्टमास्तर निवृत्त, सत्तरीचे, अंगात इस्त्रीचा सदरा. ओट्यावरच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्या बाजूला टपालखात्याचं जुनं घड्याळ. मी जय भीम घातला आणि सरळ सौद्याला बसलो. नऊ दिवस माळवद द्या, बदल्यात घरातल्या सगळ्यांचे फोटो काढून, मढवून देतो.

"फोटो हायत आमच्याकडं," ते म्हणाले. "दुसरं बोला."

मी भाडं विचारलं. त्यांनी ते ऐकूच आलं नाही असं केलं. त्यांची बायको गयाबाई दारात उभी राहून ऐकत होती. तिनंच शेवटी तोंड उघडलं.

"भाऊ, आमाला एक टँकर येतो. त्यात घागरी भरत्यात, माणसं भरत न्हाईत. दुसऱ्या टँकरचा अर्ज दिलाय. साहेब म्हणतो, तुमच्या गावाला तलाव हाय की. तुमी तलावाचं खरं काय ते दाखवा. माळवद फुकट."

"जसं दिसंल तसं," पोस्टमास्तर म्हणाले. "वाढवून न्हाई, लपवून न्हाई. जबान देता का?"

मी दिली. मी पुष्कळांना पुष्कळ शब्द दिलेत, आणि त्यातले काही सौदा जुळावा म्हणूनच. हा मात्र मनापासून दिला होता.

दुसरा दिवस: तिपाईचे पाय

माळवदावर कॅमेरा लावणं सोपं नाही. कुणी खाली दार आपटलं तरी माती थरथरते, आणि उन्हाळ्यात तर सगळ्या बायका कुरडया वाळवायला वरच असतात. नऊ दिवसांत तिपाई केसभर हलली तरी फिल्ममध्ये डोंगर उडी मारतो. मी पोत्यात दगड भरून तिपाईच्या मधोमध टांगले. गयाबाईनं ते बघितलं, खाली गेली आणि डाळ धुतलेल्या पाण्यात कालवलेला चिखल घेऊन आली. तिनं तिन्ही पायांच्या बुडाला चुलीसारखा लेप दिला, बोटांनी दाबून. दुपारपर्यंत तो असा वाळला की मीच तिपाई हलवून बघितली, ती हलेना. बाजारात यासाठी महागडे वजनदार पाय मिळतात. त्यातल्या कशानंही माझी तिपाई इतकी घट्ट बसली नव्हती.

ज्यांना हे करून बघायचं असेल त्यांच्यासाठी बाकीचंही सांगतो. कॅमेऱ्यावर काहीच सोपवायचं नाही. उजेड किती घ्यायचा, रंग कुठला धरायचा, हे त्याला ठरवू दिलं तर तो दर फोटोला मत बदलतो आणि फिल्म वाऱ्यातल्या दिव्यासारखी लुकलुकते. मी सगळं हातानं बांधून टाकलं, लेन्स डोंगराच्या कडेवर लावून तिच्यावर चिकटपट्टी मारली. दर दोन मिनिटांनी एक फोटो, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. राहिलेल्या आठ दिवसांचे सव्वातीन हजारांच्या आसपास फोटो होतात, आणि त्यांची फिल्म होते सव्वादोन मिनिटांची.

बॅटरी रोज पहाटे बदलायला हवी होती, कॅमेऱ्याला धक्का न लावता. झाकण कॅमेऱ्याच्या बुडाला असतं, म्हणून तिपाईची पट्टी जरा बाजूला बसवली, झाकण तेवढं उघडेल अशी. मी तर मधले दिवस नांदेडकडे जाणार होतो. पोस्टमास्तर म्हणाले, मी बदलीन. मी त्यांच्याकडून दहादा करून घेतलं. अकराव्यांदा सांगितलं तेव्हा ते चिडले.

"फोटोवाले, मी टपालाच्या पिशव्यांना चाळीस वर्षं लाखेचं सील लावलं. एक सील हललं न्हाई. हे तर झाकण हाय."

संध्याकाळी जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्याच्या मसाला पिठाची, आमटी होती. ताटं नव्हती, पळसाच्या पत्रावळी होत्या, कारण ताट धुवायला पाणी लागतं. लातुरात आम्ही त्याच कारणानं कागदी ताटल्या वापरत होतो आणि कपाळाला आठ्या घालून जेवत होतो. इथं आमटी पत्रावळीतून वाहायला लागली की भाकरीचा बांध घालायचा, आणि त्यावर सगळे हसायचे. निघताना माझ्या दोन कॅनपैकी एक त्यांनी परत बांधून दिला. वाटेत लागेल म्हणाले. मी बराच वाद घातला. मी वादात सहसा हरत नाही, तिथं हरलो.

तिसरा आणि चौथा दिवस: नांदेड, उमरी

नांदेडला मला काळी काच हवी होती, भर उन्हातही शटर सावकाश चालू ठेवता येतं ती. एका गल्लीत जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे. दुकानदार म्हातारा, डोळ्याला सुरमा. मी त्यानं सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यावरून सुरुवात केली. त्यानं काच पुन्हा डबीत ठेवली, डबी कपाटात ठेवली, आणि दोन चहा मागवले. चहा संपेपर्यंत त्यानं मला मुलांबद्दल विचारलं, लातूरच्या पाण्याबद्दल विचारलं. मग म्हणाला, "सेठ, आप प्यासे शहर से आए हो, इसलिए आधा घंटा सुना. अब बोलो." मला हसू आलं आणि दोघांनाही परवडेल तिथं सौदा जुळला. घासाघीस अशी व्हावी. दोघंही दुकानातून आपणच जिंकलो असं समजून उठावीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमरीला एका टपरीवर थांबलो. मी नव्या जिल्ह्यासाठी फिल्म करतोय हे बोलता बोलता निघालं. भजी तळणारा माणूस झाऱ्या तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला.

"जो येतो त्यो जिल्हा मागून राहिला," तो म्हणाला. "उद्या आमच्या गल्लीला द्या म्हणा. कलेक्टर टपरीवर बसंल. मी चहा देईन."

बाकीच्या गिऱ्हाइकांनी मग कलेक्टरचं ऑफिस टपरीच्या कुठल्या बाजूला असावं यावर पाऊण तास वाद घातला, आणि अखेर ते मागच्या उकिरड्यावर ठरलं. मी ऐकत भजी खाल्ली. गरम भज्यांत ओव्याची पानं होती. त्या वर्षीही कुणाच्या तरी कुंडीत ओवा जगला होता.

पाचवा आणि सहावा दिवस: धर्माबाद

धर्माबाद मिरचीचं गाव. शिवाराशिवारात लाल सडे पडलेले. मला त्या लालावरून संध्याकाळची सावली चालताना टिपायची होती, आणि त्यासाठी शिवअप्पांच्या गोदामाचं छत हवं होतं. शिवअप्पा मिरचीचे आडते. कपाळावर विभूती, अंगावर दुधासारखं पांढरं धोतर. हमालांशी ते तेलुगूत बोलत, माझ्याशी मराठीत, आणि स्वतःशी कानडीत. त्यांनीही भाडं घेतलं नाही. त्यांचं दुखणं वेगळं होतं. लांबचे व्यापारी मोबाइलवर फोटो मागतात, आणि अप्पांच्या मोबाइलमध्ये मिरची नारिंगी दिसते.

"माल रक्तासारखा," ते म्हणाले, "आणि फोटो गाजरासारखा. गिऱ्हाईक म्हणतं, जुना माल दिसतो अप्पा. आता त्याला इथं आणून नाकात घालू का?"

मी त्यांना सांगितलं की कॅमेऱ्याला आधी पांढरं काय ते दाखवावं लागतं, मग तो लाल बरोबर ओळखतो. पांढरं शोधायला लांब जायला नको होतं. अप्पा ढिगाशेजारी उभे राहिले, मी त्यांच्या धोतरावर रंग नेमला, आणि पुढचा फोटो असा आला की त्यांनी मोबाइल नाकाशी नेला. दोन दिवसांत त्यांच्या सगळ्या शेजाऱ्यांना ती युक्ती कळली, आणि संध्याकाळी आडत्यांच्या रांगेत जो तो आपापल्या धोतराचा फोटो काढत होता.

छतावर माझी फजिती झाली. हमालांनी खाली पोती झटकली, मिरचीची धूळ वर आली, आणि तिपाईला हात लावून उभा असलेला मी शिंकायला लागलो. वीसेक फोटो शिंकेत गेले. फिल्ममध्ये ते बघताना धर्माबादेत भूकंप झाल्यासारखं वाटतं. अप्पांच्या घरी जेवायला हुग्गी होती, गव्हाची गोड खीर, वर तूप. जेवण्याआधी त्यांनी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन डोळे मिटले. मी हात धुवायला गेलो तर सुनेनं मापानं, पेल्यानं पाणी घातलं, आणि अप्पांनाही तेवढंच घातलं. ते मला बरं वाटलं. काही घरांत पाहुण्याला जास्त घालतात, आणि मग पाहुण्याला घास गिळवत नाही.

सातवा ते नववा दिवस: पुन्हा टाकळमाळ

टाकळमाळला आलो आणि घाईघाईनं कार्ड तपासलं. सगळं जागच्या जागी होतं. फक्त चौथ्या दिवशी, ऐन दुपारी, चाळीसेक फोटोंच्या वरच्या कोपऱ्यात काहीतरी वेताचं विणलेलं दिसत होतं. सूप. माझं डोकं फिरलं. मी माळवदावरूनच ओरडलो की मी तुमच्यावर विश्वास टाकून गेलो आणि तुम्ही कॅमेऱ्यापुढं सूप धरता. आणखीही बोललो, ते लिहीत नाही.

गयाबाई शिडीवरून वर आली. ती रागावली नव्हती.

"हात लावून बघा की पेटीला, भाऊ. त्या दिवशी भाकरी शेकंल इतकी तापली होती. बोलता येत न्हाई तिला. मी काठीला सूप बांधलं. तुमचा तलाव झाकला न्हाई, तुमची पेटी झाकली."

मग पोस्टमास्तरांनी सूप वर चढवून बांधलं होतं, म्हणून पुढच्या फोटोंत ते नव्हतं. मी कॅमेऱ्याला हात लावला. सुपाच्या सावलीतही तो गरम होता. तसल्या उन्हात माझे दोन कॅमेरे याआधी मेलेत. फिल्मचा वरचा बोटभर भाग कापला की सूप जात होतं. मी माफी मागितली. मला ती मागायची सवय नाही, त्यामुळे नीट जमली नाही. "जेवायला चला," ती म्हणाली.

शेवटचे दोन दिवस मी माळवदावरून उठलोच नाही. पाणी मधल्या खळग्यात गोळा झालं होतं आणि बगळे त्याच्याभोवती पंगतीसारखे बसले होते. पाणी मागं गेलं की पंगतही मागं सरकायची. म्हशी आधी मानेपर्यंत बसायच्या, मग पोटापर्यंत, आणि शेवटी चिखलात खुरं बुडवून नुसत्याच उभ्या राहायला लागल्या. आठव्या दिवशी गावातली माणसं पाट्या घेऊन उतरली आणि चिखलातून मरळ मासे काढले. त्या रात्री टाकळमाळच्या घराघरात कालवणाचा वास होता. तलावाच्या शेवटच्या पाण्यावर मी पोटभर जेवलो, हे मला खाताना कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खळग्यातली चकाकी गेली, तेव्हा कळलं.

नवव्या दिवशी अंधार पडायच्या सुमाराला लॅपटॉपवर कच्ची फिल्म लावली. माळवद पडेल अशी भीती वाटावी इतकी माणसं वर आली. आधी सगळे आपापल्या म्हशी ओळखत होते. एकानं स्वतःला काठावर बिडी ओढताना पकडलं आणि त्याच्या बायकोनंही पकडलं. मग पाणी मागं जायला लागलं आणि मागचेही पुढं सरकून बघायला लागले. ते नऊ दिवस त्यांच्यासमोरच गेले होते, तरी पाणी कसं जातं ते त्यांनीही असं बघितलं नव्हतं. फिल्म संपल्यावर पोस्टमास्तर म्हणाले, "बस. हेच दाखवा त्यांना."

इतका समाधानी मी त्या रस्त्यानं कधी परतलो नव्हतो.

सभागृह

फिल्म मी दिनकररावांच्या हातात दिली. दहा दिवसांनी बोलावणं आलं. व्यासपीठावर पाहणीची मंडळी होती, पुढच्या रांगेत टँकरचे कागद ज्यांच्या हातातून जातात ते साहेबही होते. दिवे मालवले. पडद्यावर माझं नाव आलं, एकट्याचं, खरोखरच मोठं. माझी छाती फुगली.

मग कोरडा तळ आला. मला वाटलं, सुरुवातीला शेवटचं दृश्य टाकलं असेल, अशी पद्धत असते. पण खळग्यात पाणी चमकलं, ते पसरायला लागलं, बगळे पुढं सरकले. म्हशी उलट्या पावलांनी चालत पाण्यात शिरल्या. पलीकडच्या डोंगरामागून, पश्चिमेकडून, सूर्य वर आला आणि माझ्या डोक्यावरून पूर्वेला गेला. आठ वेळा. खाली अक्षरं आली: मुख्यालयाचा हक्काचा जलसाठा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिले चार-पाच सेकंद मलाही ते सुंदर वाटलं होतं, हे मी लपवत नाही.

मी उभा राहून ओरडलो. दोघांनी मला बाहेर नेलं, आणि मागून दिनकरराव आले. ते शांत होते.

"माधवराव, एक तरी फोटो बदललाय का? सगळे तुमचे. नाव तुमचं. फक्त क्रम आमचा."

"क्रमातच सगळं आहे."

"पाहणीवाल्यांचा पहिला प्रश्न काय असतो? पाणी कुठाय. मुख्यालय मागणाऱ्या दुसऱ्या गावानं धरण दाखवलं. आम्ही काय दाखवायचं, मेलेले मासे? पावसाळ्यात तलाव भरतोच की. आज दाखवला काय, चार महिन्यांनी दाखवला काय."

मी नावाची अक्षरं किती मोठी असावीत याचा सौदा केला होता. फिल्म कुठून कुठं चालेल, याचा केला नव्हता.

सभेनंतर चौथ्या दिवशी पोस्टमास्तरांचा फोन आला. दुसऱ्या टँकरचा अर्ज परत आला होता, वर शेरा होता की तलावात पाणीसाठा आढळतो. पहिला टँकरही आता दिवसाआड येणार होता. "तुमी काय दाखवलं, फोटोवाले?" त्यांनी एवढंच विचारलं.

मी त्याच दिवशी गेलो. सांगून पटणार नाही म्हणून फिल्म उलटी लावून मोबाइलवर थांबवत थांबवत दाखवली. आधी ते हसले. गयाबाई स्वतःच भरली घागर घेऊन उलट्या पावलांनी तलावाकडे चालली होती, आणि काठाशी वाकून तिनं ती तलावात ओतली. ते बघून तीही हसली. मग सूर्य डोंगरामागून वर आला, आणि कुणी हसेना.

"सभेत एवढी शिकलेली माणसं," पोस्टमास्तर म्हणाले, "कुणाला सूर्य दिसला न्हाई?"

सरळ फिल्म आणि मूळ फोटो घेऊन मी दोन कार्यालयांत जाऊन आलो. दोन्हीकडे म्हणाले, समितीनं लेखी कळवलं तर शेरा बदलता येईल, आमच्या मनानं नाही. समिती म्हणते, आम्ही पाण्याबद्दल काही लिहून दिलंच नव्हतं, नुसती फिल्म दाखवली.

दिनकरराव, तुम्ही हे वाचाल, म्हणून लिहितो. जिल्हा तुम्हाला मिळो अथवा न मिळो, माझं त्यात काही जात नाही. माझं नाव तुम्ही पडद्यावरून काढून टाका, तेही मी सोडलं. पण एका कागदावर दोन ओळी लिहा: टाकळमाळच्या तलावात पाणी नाही, फिल्म आम्ही उलटी चालवली. खाली सही करा. तो कागद माझ्याकडे पाठवू नका. टँकर येतो त्या दिवशी स्वतः टाकळमाळला जा, घागरींच्या रांगेत गयाबाई उभी असेल, तिच्यासमोर तो वाचा. ती विचारेल की मधल्या दिवसांचं पाणी कुणी थांबवलं. तेव्हा मी नव्हे, साहेब नव्हे, तुम्ही उत्तर द्या.